मीटरच्या केबलची वाट आधी ठरवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या मोटारी नव्याने उभ्या करण्याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. रंग, क्रोम आणि सीटच्या कापडावर त्यात रकानेच्या रकाने आहेत. स्पीडोमीटरच्या केबलची बोळवण मात्र ‘शेवटी मीटर केबल जोडून घ्यावी’ एवढ्या एका वाक्यात झाली आहे. आमची हरकत त्यातल्या ‘शेवटी’ या शब्दाला आहे. डॅशबोर्ड बसला, वायरिंग बांधून झाले, गालिचा चिकटवला, की केबलला उरते ती वाट वाकडीतिकडीच असते. मग काटा थरथरू लागतो, दोष मीटरच्या माथी बसतो आणि चाळीस-पन्नास वर्षे नीट चाललेले मूळ मीटर भंगारात जाऊन त्याच्या जागी कुठलेतरी नकली मीटर येते.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली; १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर गेली, पण घरोघरच्या पद्मिनी अजून आहेत आणि त्यांतल्या पहिल्या आता पन्नाशी ओलांडत आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. त्यामुळे इतकी वर्षे ताडपत्रीखाली झाकलेल्या गाड्या एकेक करून गॅरेजात येऊ लागल्या आहेत. त्या पुन्हा जोडताना ही केबल कशी टाकावी, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

आधी मीटर चालते कसे ते पाहू. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला आतल्या शाफ्टवर एक किडा-गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, असतो. तो पिनियन नावाच्या एका लहान दातेरी चाकाला फिरवतो. पिनियनच्या चौकोनी भोकात केबलचे चौकोनी टोक बसते. केबलचे दुसरे टोक मीटरमधल्या चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमचा कप असतो, पण दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चुंबक फिरला की कपात विजेचे भोवरे उठतात आणि कप त्याच्यामागे ओढला जातो. केसाएवढी स्प्रिंग त्याला मागे धरून ठेवते. या ओढाताणीत कप जिथे थांबतो तिथे काटा दिसतो. जर्मनीच्या ओटो शुल्झेने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती पुढे सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या गाड्यांत चालली. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र दात्यांच्या चाकांनी थेट केबलवर फिरतात. हा फरक लक्षात ठेवावा, दोष शोधताना उपयोगी पडतो.

केबल म्हणजे दोन वस्तू: बाहेरचे आवरण, म्हणजे आउटर, आणि आत फिरणारी तार, म्हणजे इनर. इनर ही एक सलग तार नसते. बारीक पोलादी तारांचे थर एकावर एक, आलटूनपालटून उलट दिशांनी गुंडाळून ती केलेली असते, म्हणून ती वाकते पण सहसा पीळ घेत नाही. वाट आवळली जाते तिथे मात्र इनर आउटरच्या आतल्या अंगावर दाबली जाते, घासते, क्षणभर अडते. खालचे टोक तर गिअरबॉक्स फिरवतच असतो. मधल्या लांबीत पीळ साठत जातो आणि अडलेली जागा सुटली की तो एकदम उलगडतो. चुंबक थबकतो, मग उसळी घेतो, आणि काटा त्याची इमानेइतबारे नक्कल करतो. ताशी २० ते ४० किलोमीटरला हा नाच स्पष्ट दिसतो. वेग वाढला की झटके इतके लागोपाठ येतात की काटा स्थिर झाल्यासारखा वाटतो. घासणे तेव्हाही चालूच असते आणि काही हजार किलोमीटरनंतर एक दिवस इनर तुटते.

आता बाकाचा नियम. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीची मीटरे बसवलेल्या ब्रिटिश गाड्यांच्या त्या काळच्या वर्कशॉप पुस्तिकांत तो स्पष्ट दिलेला असे: कुठल्याही बाकाची त्रिज्या ६ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १५० मिलिमीटरपेक्षा, कमी नको आणि दोन्ही टोकांपासून पहिले २ इंच केबल सरळ हवी. अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डची लेक, तेव्हा अँबॅसडरवाल्यांना हे आकडे घरचेच आहेत. फियाटवाल्यांनीही ते डोळे मिटून पाळावेत. इनर तिथेही पोलादाचीच आहे. मोजपट्टी घेऊन त्रिज्या मोजत बसायची गरज नाही. घरातले एक फूट रुंदीचे जेवणाचे ताट घ्या. केबलचा प्रत्येक बाक ताटाच्या कडेला लावून पाहा. कडेपेक्षा बाक मोठा असेल तर ठीक. केबल ताटाच्या आत शिरत असेल तर ती वाट बाद. टोकाजवळचे २ इंच विसरले जातात ते नेमके मीटरमागे, कारण तिथे जागा कमी आणि डोळ्यांना दिसतही नाही. नट लावल्या लावल्या केबल खाली मोडली, तर चौकोनी टोक मीटरच्या भोकात तिरके फिरते. आधी टिकटिक येते, मग मीटरचे बुश, म्हणजे फिरता कणा धरणारी नळी, एका अंगाने झिजते.

पद्मिनीत उजवीकडचा कोपरा फार दाटीचा. मीटर तिथे, स्टिअरिंगचा दांडा तिथे, पेडल तिथे. शिवाय गिअरची दांडी स्टिअरिंगलाच असल्यामुळे गिअरच्या सळ्याही तिथूनच गिअरबॉक्सकडे उतरतात. केबलला या सगळ्यांमधून वाट काढायची असते. वाट ठरली असे वाटले की एकाने आत बसून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकावेत, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे, क्लच आणि ब्रेक तळापर्यंत दाबावेत. दुसऱ्याने टॉर्च घेऊन खालून पाहावे. कुठलीही सळई केबलला नुसती टेकली तरी वाट बदला. इंजिन चालू असताना टेकणे आणि ठोकणे यात फरक राहत नाही. सायलेन्सरचा पाइप ज्या बाजूने खाली उतरतो ती बाजू टाळावीच. नाइलाजच असेल तर हाताच्या पंजाएवढे अंतर राखा आणि मध्ये पत्र्याची आड लावा. प्लास्टिक चढवलेला आउटर तापून मऊ झाला की आतल्या ग्रीसचे पाणी होते आणि ते खाली वाहून जाते.

परदेशातून डाव्या स्टिअरिंगच्या ११०० साठीची केबल मागवणाऱ्यांनी जरा थांबावे. तिथे मीटर डाव्या हाताला, इथे उजव्या. लांबी आणि वाट जुळेलच असे नाही. फार लांब केबल घेऊन तिची उरलेली लांबी डॅशबोर्डमागे वेटोळे करून कोंबणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्या वेटोळ्यातच इनर मरते.

लांबी मोजायला सुतळी वापरू नका. सुतळी कुठल्याही कोपऱ्यात काटकोनात वळते आणि दोन-तीन इंच कमी सांगते. बॅटरीची जाड केबल किंवा अर्ध्या इंचाची रबरी नळी घ्या. ती मीटरच्या केबलसारखीच आखडू वळते. गिअरबॉक्सच्या आट्यापासून मीटरच्या आट्यापर्यंत ती ठरलेल्या वाटेने नेऊन जागोजागी सुतळीने बांधा, दोन्ही टोकांना खडूच्या खुणा करा, मग काढून जमिनीवर सरळ ठेवून मोजा. त्यात ३० मिलिमीटर मिळवा, कारण गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर असतो आणि क्लच सोडताना हलतो. मीटर दुरुस्तीसाठी पुढे ओढता यावे म्हणून डॅशबोर्डमागे वितभर ढील ठेवा. हाताने नट सोडवता येत नाही अशा गाडीत पुढच्या वेळी कारागीर पक्कड घालतो आणि आउटरचे टोक चेपतो.

इनरच्या लांबीबद्दल थोडे सविस्तर, कारण नवी केबल करून घेताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मीटरच्या बाजूला इनर आउटरच्या टोकापुढे सुमारे १० मिलिमीटर दिसली पाहिजे. खालचे टोक पिनियनमध्ये पुरते बसवून मगच हे माप घ्या. कमी असेल तर गिअरबॉक्स हलल्यावर टोक भोकातून निसटते, कडा गोल होतात आणि मीटर अधूनमधून झोप काढते. जास्त असेल तर नट आवळताना इनर चुंबकाच्या कण्याला वर रेटते. पहिल्याच फेरीत मीटर चिरकते किंवा केबल तुटते. परीक्षा सोपी आहे. नट न लावता आउटर मीटरवर हाताने टेकवा. तो विनासायास तळाशी बसला पाहिजे, स्प्रिंगसारखे मागे ढकलल्याचे जाणवता कामा नये. इनरला दीड-दोन मिलिमीटर पुढेमागे खेळ हवा. दुकानात मिळणाऱ्या केबलच्या टोकाचा चौकोनही मीटरच्या भोकात घालून पाहावा. किंचित बारीक असेल तरी आज फिरेल, पण वर्षभरात कडा जातील.

पत्र्यातून आत येताना केबलभोवती रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारे रबराचे कडे, हवेच, आणि केबल पत्र्याला शक्य तितकी काटकोनात यावी. तिरकी आली की ग्रोमेटची एक कड कापली जाते, मग पत्रा आउटरला कापतो. गाडी रंगवून आली की जुन्या भोकांवर रंगाचा जाड थर असतो. भोक साफ करून, कड कानशीने मारून मगच ग्रोमेट बसवा. बाहेरच्या बाजूला केबल आत शिरण्याआधी थोडी खाली झुकलेली ठेवली, तर पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत आत न येता त्या झुकावावरच गळते. जुलैच्या कोकणात याचे मोल कळते.

क्लिपा रबर चढवलेल्या घ्या, साधारण फूट-सव्वा फूट अंतरावर. प्लास्टिकच्या पट्ट्या सोयीच्या असतात, पण हात सैल राहत नाही आणि आवळता आवळता आउटर चपटा होतो. बाहेरून दिसत नाही. आत इनर दर फेऱ्याला तिथे अडखळते. क्लिपमधून केबल बोटांनी गोल फिरवता आली पाहिजे. गिअरबॉक्सजवळची शेवटची क्लिप फार जवळ नको, नाहीतर इंजिनाचा प्रत्येक हेलकावा त्या छोट्या तुकड्यावर येतो. दोन्ही टोकांचे नट बोटांनी घट्ट करावेत, आणि तेही शेवटी. आधी वाट, मग क्लिपा, मग नट. नट आधी आवळले तर आउटरमध्ये पीळ राहतो आणि तो कुठेतरी फुगतोच.

ग्रीस. जुनी इनर काढून रॉकेलमध्ये धुवा, कापडाने पुसून कोरडी करा. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर तळव्याखाली लाटा. ती टकटक उड्या मारत असेल तर कुठेतरी मोडलेली आहे. मग दोन्ही टोके हातात धरून नऊ इंचांचे वेटोळे करा आणि एक टोक बोटांत हळूहळू फिरवा. दुसरे टोक सारखे फिरायला हवे. थांबून झटका देत असेल तर इनर फेकून द्या, सरळ करायच्या फंदात पडू नका. चांगली असेल तर हरभऱ्याएवढे हलके ग्रीस बोटावर घेऊन पातळ लावा, फार तर दोनदा. तेल अजिबात नको. इनर आत घालून झाली की वरचे आठ इंच पुन्हा बाहेर ओढून कोरडे पुसा आणि परत सरकवा. हे सांगण्याचे कारण इनरच्या वेढ्यांत आहे: फिरताना ती स्क्रूसारखे काम करते आणि ओलावा वर चढवते. तेल मीटरमध्ये पोचले की कप आणि चुंबक चिकटतात. काटा भरधाव वर जातो आणि तिथेच बसतो. नायलॉनचे अस्तर असलेल्या नव्या आउटरला ग्रीस याहूनही कमी लागते.

ग्रीस बेताने लावूनही मीटर तेलाने भरत असेल, तर ते गिअरबॉक्सचे तेल आहे. पिनियनच्या घरातले ऑइल सील गेलेले असते. गाडी उघडलेली असताना हे सील बदलणे क्षुल्लक काम आहे. गाडी जोडल्यावर त्याच कामासाठी गाडीखाली झोपावे लागते. त्याच वेळी पिनियनचे दाते पाहून घ्या.

आता दोष कुठे आहे ते ओळखणे. काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही थांबले, तर केबल तुटली, टोक निसटले किंवा पिनियन गेले. आकडे फिरतात पण काटा मेला, तर केबल निर्दोष. मीटर उघडावे लागेल. काटा थरथरतो पण आकडे ठीक, तर आधी ताट घेऊन बाक तपासा. नवी केबलही महिन्याभरात तुटली, तर दोष बहुधा वर आहे: मीटर जाम होत असते. इनरचा एक छोटा चौकोनी तुकडा मीटरच्या भोकात घालून दोन बोटांनी फिरवा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. ड्रिल मशीन लावून मीटर तपासण्याची पद्धत आहे, पण बेताने. किलोमीटरला १००० फेरे घेणाऱ्या मीटरला मिनिटाला १००० फेरे म्हणजे ताशी ६० किलोमीटर झाले. साधे ड्रिल पूर्ण दाबले तर त्याच्या दुप्पट-तिप्पट फिरते आणि स्प्रिंग तुटते. दिशाही गिअरबॉक्स फिरवतो तीच हवी.

काटा स्थिर आहे पण आकडा चुकीचा दाखवतो, ही तक्रार वेगळी आहे आणि केबल बदलून ती कधीच जात नाही. टायरचा घेर बदलला, डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा संच) दुसरे बसवले किंवा दुसऱ्या गाडीचे मीटर आले, तर असे होते. त्यासाठी केबलचे वरचे टोक मोकळे ठेवून त्यावर कागदाचा छोटा झेंडा चिकटवा. सपाट जागेवर खडूने २० मीटर मोजा, गाडी न्यूट्रलमध्ये सरळ ढकला आणि झेंड्याचे फेरे मोजा. आलेल्या आकड्याला ५० ने गुणले की किलोमीटरमागे फेरे मिळतात. १७ फेरे आले तर ८५०. एकच मागचे चाक जॅकवर उचलून मोजू नका. डिफरन्शियलमुळे उत्तर चुकते. स्मिथ्सच्या बऱ्याच मीटरांच्या तबकडीवर बारीक अक्षरांत मैलामागच्या फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. मैलाला १००० म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१. दोन्ही आकडे जुळत नसतील तर मीटर त्या गाडीचे नाही, किंवा गाडीचे मागचे अंग मूळचे नाही. तबकडीवर आकडा नसेल तर मोबाइलच्या जीपीएसशी ताशी ४० आणि ६० ला ताडून पाहा.

जुन्या टॅक्सीची गाडी घेतली असेल तर आणखी एक बघा. यांत्रिक टॅक्सी-मीटरही केबलवरच चालत असे, आणि त्यासाठी गिअरबॉक्सजवळ फाटा बसवलेला असू शकतो. टॅक्सी-मीटर गेले तरी हा फाटा तसाच राहतो, मोकळ्या तोंडातून धूळ-पाणी घेतो आणि चांगल्या केबललाही थरथर लावतो. तो काढून केबल थेट जोडावी.

पाच गिअरचा दुसरा गिअरबॉक्स बसवणाऱ्यांना बाकाची जागा कधीकधी खरोखरच मिळत नाही. तिथे काटकोनी गिअरची डबी लावता येते. तीही झिजते आणि तिला ग्रीस लागते, म्हणून जिथे ताटाएवढा बाक बसतो तिथे ती लावू नये.

तेव्हा पुढच्या लेखात कामाचा क्रम बदलून छापावा, ही विनंती: पत्रा रंगून आला की गिअरबॉक्स, त्याच्यामागे लगेच केबल, आणि केबलची परीक्षा झाल्यावर वायरिंग, डॅशबोर्ड, गालिचा. गाडी रस्त्यावर आल्यावर ५०० किलोमीटरला मीटरमागचा नट एकदा सोडून इनरचे टोक पांढऱ्या कापडाने पुसावे. कापड कोरडे निघाले तर नट परत लावावा. तेलकट निघाले तर मीटर भरायच्या आत खालचे सील पाहावे.

आपले,
जुन्या मोटारींचे काम करणारे काही वाचक
कुर्ला, मुंबई